माझा खराखुरा ‘लिटरेचर रिव्ह्यू’ : सहा पुस्तकं आणि एकच प्रश्न



पीएचडीच्या तयारीला लागलेल्या मुलामुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो : “ताई, लिटरेचर रिव्ह्यू लिहायचा कसा?” पेपर कुठे शोधायचे, नोंदी कशा ठेवायच्या, हे आपण याआधीच्या लेखांत पाहिलंय. आज जरा वेगळ्या वाटेने जाऊ. यंदाच्या उन्हाळ्यात, बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला आणि लॅबमधलं काम थोडं सैलावलेलं असताना, मी सहा मराठी पुस्तकं वाचून काढली. कादंबरी, ललित, विज्ञानकथा, आत्मकथन, जे हाताला लागलं ते. त्यातलं एकही माझ्या विषयाचं नाही. माझा विषय जीवरसायनशास्त्र. साहित्याची समीक्षा हा माझा प्रांत नाही, त्यामुळे खाली आहेत ती एका साध्या वाचकाची मतं. पटली तर घ्या, नाही तर भांडा.

“रिसर्चवाल्यानं कादंबऱ्या वाचून काहून वेळ घालवाचा बाप्पा?” असं मला एकाने विचारलंच. त्याचं उत्तर म्हणजे हा लेख. आपल्याकडचे बरेचसे लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे याद्या असतात. अमक्याने २०१२ मध्ये हे सांगितलं, तमक्याने २०१५ मध्ये ते सांगितलं, म्हणून मी आता हे करणार. सिनॉप्सिस सादर करताना समितीतलं कोणी एवढंच विचारतं, “पण त्यांना हे कसं कळलं?” आणि पोरं गप्प होतात. पेपर वाचलेला असतो. हा प्रश्न विचारलेला नसतो. तो विचारायची सवय लावायला पेपरच लागतात असं नाही, कुठलंही बरं पुस्तक चालतं. उलट पुस्तकांवर तो जास्त मोकळेपणाने विचारता येतो, कारण तिथे इम्पॅक्ट फॅक्टर बघून दबून जायला होत नाही. तर प्रत्येक पुस्तकाला मी हाच प्रश्न विचारलाय.

१. सत्तांतर – व्यंकटेश माडगूळकर

छोटीशी कादंबरी आहे, एका बैठकीत संपते. १९८२ साली आली, १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. पात्रं सगळी वानरं. एक टोळी, तिचा म्होरक्या, बाहेरून येणारे नर, मारामाऱ्या, आणि सत्ता बदलल्यावर पिल्लांची हत्या. माडगूळकर आपल्या नागझिऱ्याच्या जंगलात राहिले होते, त्या मुक्कामावर त्यांचं ‘नागझिरा’ हे वेगळं पुस्तकही आहे. त्यामुळे झाडं, पाणवठे, ऊन यांचं वर्णन वाचताना विदर्भातल्या माणसाला ओळखीचं वाटतं.

आता प्रश्न. नवा नर पिल्लं मारतो, हे कसं कळलं? यामागे एक जबरदस्त संशोधनकथा आहे. युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने १९६० च्या दशकात धारवाडजवळच्या जंगलात वानरांमधली ही पिल्लूहत्या नोंदवली. पुढे सारा हर्डी यांनी अबूच्या पहाडावर वानरांचा अभ्यास केला, त्यांचं पुस्तक १९७७ मध्ये आलं. त्यांचं म्हणणं असं : अंगावर पिणारं पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराला आपली संतती वाढवता येते. विरोधक म्हणाले, नाही, ही विकृती आहे. माणसांच्या उपद्रवामुळे आणि गर्दीमुळे वानरं बिथरतात. दोन्ही बाजू एकाच घटनेकडे बघत होत्या. मग निकाल कसा लावायचा? हर्डी बरोबर असतील तर मारणारा नर त्या पिल्लाचा बाप असता कामा नये. हे नुसतं बघून कळत नाही. नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांच्या विष्ठेतून डीएनए काढून ते तपासलं गेलं, आणि १९९९ मध्ये उत्तर छापून आलं : हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते. नोंद आणि पुरावा यांच्यामध्ये तीस-पस्तीस वर्षं गेली. माडगूळकरांची कादंबरी बरोबर या वादाच्या मध्यावर आलेली आहे.

माझं मत : लेखन कोरडं, नेमकं आणि म्हणूनच अंगावर येणारं. वानरांच्या तोंडी माणसांची भाषणं घातलेली नाहीत, हा संयम मला फार आवडला. तक्रार एकच, नावाबद्दल. ‘सत्तांतर’ म्हटलं की वाचक राजकारण शोधू लागतो आणि सगळं लक्ष नरांवर जातं. हर्डींच्या कामाचं मोठेपण यात आहे की त्यांनी माद्यांच्या डावपेचांकडेही तितक्याच गांभीर्याने पाहिलं. शब्दाने प्रश्नाची दिशा आधीच ठरते. तुमच्या शोधप्रबंधाचं शीर्षक ठरवताना हे आठवा.

२. चकवाचांदण – मारुती चितमपल्ली

चितमपल्ली मूळ सोलापूरचे, पण त्यांची कर्मभूमी विदर्भाची जंगलं, आणि कितीतरी वर्षं ते नागपूरकर होते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. ‘चकवाचांदण’ हे त्यांचं आत्मचरित्र. जाडजूड आहे, पण सावकाश वाचावं.

त्यांनी मराठीला शब्द दिले. बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’, कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’. आपण मराठीत विज्ञान लिहायला बसलो की शब्द नाही म्हणून अडतो; हा माणूस शब्द शोधायला पोथ्यांकडे आणि जंगलात राहणाऱ्या माणसांकडे, दोन्हीकडे गेला. हे श्रेय मोठं आहे.

पण माझा प्रश्न विचारला की पुस्तक अडखळतं. स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं, कोणा वनरक्षकाने किंवा गोंड म्हाताऱ्याने सांगितलेलं, आणि जुन्या ग्रंथात वाचलेलं, हे तिन्ही लेखक एकाच सुरात सांगतो. गोष्ट म्हणून ते झकास. पण यातलं काय उचलून मी उद्या पेपरमध्ये लिहू शकते? वाक्यावाक्याला थांबून ठरवावं लागतं. ऐकीव माहिती कमी प्रतीची असते असं मी अजिबात म्हणत नाही. जंगलातल्या माणसांचं ज्ञान हा कितीतरी संशोधनांचा पहिला धागा असतो. माझं म्हणणं एवढंच की त्या धाग्यावर चिठ्ठी हवी : कोणी सांगितलं, कुठे, कधी.

३. युगान्त – इरावती कर्वे

या सहांमधलं माझं सगळ्यात आवडतं. १९६७ चं पुस्तक, १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार. महाभारतातल्या व्यक्तींवरचे लेख. लिहिणारी बाई मानवशास्त्रज्ञ, आणि ते पानोपानी दिसतं.

आधी त्यांच्या पीएचडीची गोष्ट ऐका, कारण ती तुमच्या कामाची आहे. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला युजेन फिशर यांच्याकडे संशोधन करत होत्या. फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. मानवी कवटीच्या दोन बाजूंमधला फरक आणि वंश यांचा संबंध आहे, अशी गाईडची धारणा. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की असा संबंध दिसत नाही. गाईडला हवं ते उत्तर डेटात नव्हतं, म्हणून त्यांनी ते दिलं नाही. परक्या देशात, हातात पदवी पडायची असताना.

हीच शिस्त ‘युगान्त’मध्ये आहे. भांडारकर संस्थेने १२५९ हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. ते काम १९६६ मध्ये पुरं झालं. बाईंचा आधार ही आवृत्ती. म्हणजे ‘डेटा कुठला’ याचं उत्तर स्वच्छ. त्यावर त्या धाडसी तर्क करतात. युधिष्ठिर हा विदुराचा मुलगा असेल का, या प्रश्नावर त्या धागेदोरे गोळा करतात : नियोगाची चाल, विदुर आणि यमधर्म यांचं नातं, विदुराचा शेवट. पण तर्काला निकाल म्हणून खपवत नाहीत. इंग्रजी आवृत्तीत त्या लेखाच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह आहे.

सगळ्यात सुंदर जागा द्रौपदीवरच्या लेखात. द्रौपदी आणि भीमाचा शेवटचा प्रसंग रंगवण्याआधी बाई थांबतात आणि सांगून टाकतात की इथपर्यंतचं संशोधित आवृत्तीला धरून होतं, यापुढची माझी नरोटी. नरोटी म्हणजे रिकामी करवंटी, बिनमोलाची वस्तू. आणि मग जे लिहितात ते वाचून घशात आवंढा येतो. रेघ आखल्यामुळे कल्पनेची ताकद कमी झाली नाही. आपल्या प्रबंधांत ‘निष्कर्ष’ आणि ‘चर्चा’ अशी दोन वेगळी प्रकरणं असतात, ती याच रेघेसाठी.

तक्रार? आहे. सगळ्या व्यक्तींना त्या आपल्या काळाच्या कसोटीवर इतक्या कडकपणे घासतात की कधी कधी खटला चालू आहे असं वाटतं. भीष्माची बाजू मांडायला मला वकील द्यावासा वाटला.

४. यक्षांची देणगी – जयंत नारळीकर

विज्ञानकथा. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले, तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या खगोलशास्त्राबद्दल लिहिलं. मी कथा पुन्हा काढल्या.

त्यांच्या पहिल्या कथेची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती दुसऱ्या हातून लिहवून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. याला आपण काय म्हणतो? ब्लाइंड रिव्ह्यू. नावावरून कथा जोखली जाऊ नये, याची काळजी स्वतः नाववाल्याने घेतली.

कथांबद्दल : विज्ञान ठणठणीत, माणसं पातळ. पात्रं बोलू लागली की कधी कधी वर्गात बसल्यासारखं होतं. एक विचारतो, दुसरा समजावतो. पण कल्पना डोक्यात राहतात. ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये डाव्याचं उजवं होतं, आरशातल्यासारखं. ते वाचून माझ्यासारखीला लगेच प्रश्न पडला : असा आरशातला माणूस जेवणार काय? आपली प्रथिनं डाव्या ठेवणीच्या अमिनो आम्लांची, साखर उजव्या ठेवणीची. एन्झाइमला रेणू लागतो तो हातमोज्यासारखा, डाव्या हाताचा उजव्याला बसत नाही. म्हणजे भरल्या ताटावर बसून तो बिचारा उपाशी. पाणी आणि मीठ तेवढं चालेल! ही थट्टा नाही. पुदिन्याचा वास आणि बाळंतशेपेचा वास ज्या कार्व्होनमुळे येतो, तो दोन्हीकडे एकच रेणू, फक्त एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. नाकाला फरक लगेच कळतो.

विज्ञानकथेला ‘कसं कळलं’ विचारायचं नसतं. तिला विचारायचं, ‘हे खरं धरलं तर पुढे काय काय होईल?’ गृहीतक तपासताना आपण हेच करतो. एखादी कथा मिटल्यावर असा एक प्रश्न वहीत उतरला, तर तिने तिचं काम केलं.

५. माझा साक्षात्कारी हृदयरोग – डॉ. अभय बंग

हे पुस्तक घराघरांत असतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका, मग आहार, योग, ध्यान, कामाची गती, नाती, सगळ्याचा फेरविचार. लेखन प्रामाणिक आहे, स्वतःला सोडत नाही. वाचून कितीतरी लोक चालायला लागले असतील, आणि ते चांगलंच.

पण ‘डॉक्टरांनी केलं, बरे झाले, म्हणून आपणही तस्संच करायचं’ असं जेव्हा वाचक म्हणतात तेव्हा आपल्यासारख्यांनी थांबायला हवं. एक रुग्ण, आणि त्याने एकाच वेळी पाच-सहा गोष्टी बदलल्या. फरक कशाने पडला? सांगता येणार नाही. बदल केला नसता तर काय झालं असतं? तेही नाही. पुस्तकाला आधार आहे तो डीन ऑर्निश यांच्या कामाचा, आणि त्यांची १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ला आलेली चाचणीही ४८ रुग्णांची, अनेक बदल एकत्र केलेली. दिशा दाखवते, कुठल्या घटकाचा वाटा किती, हे नाही.

गंमत अशी की हे सगळं डॉ. बंगांपेक्षा चांगलं कोणाला माहीत असणार? आपल्याच नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेल्या अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ उभी केली, आणि तिथली नवजात बालकांच्या घरगुती देखभालीची चाचणी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ला आली. ३९ गावांत देखभाल, ४७ गावं तुलनेसाठी. देखभालीच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत ५८ होता तो ५९.६ झाला, म्हणजे जवळपास तिथेच. हे दुसरं वाक्य नसतं तर कोणीही म्हटलं असतं, ‘काळ बदलला, आपोआप कमी झाला.’ ती ४७ गावं हाच पुरावा आहे. विशीतल्या संशोधकाला मी सांगेन : पुस्तक वाचा आणि पेपरही वाचा, पाठोपाठ. एकाच माणसाच्या हातून आलेले दोन वेगळ्या जातीचे मजकूर. पहिला धीर देतो, दुसऱ्यावर सरकारला धोरण आखता येतं. एकाचं काम दुसऱ्याकडून मागू नका.

६. धग – उद्धव शेळके

१९६० ची वऱ्हाडी कादंबरी. कौतिक, तिचा निष्क्रिय नवरा महादेव, मुलं, आणि दारिद्र्य. कौतिक राबते, घर सावरते, ते पुन्हा कोसळतं, ती पुन्हा उभी राहते. संवाद अस्सल वऱ्हाडी. मी तर मोठ्याने वाचून राहिली होती; आमच्याकडच्या आज्या अशाच बोलतात.

इथे माझा प्रश्न मी मुद्दाम विचारून पाहिला. शेळक्यांना कसं कळलं? एका घराची गोष्ट, नमुना लहान, लेखकाने कल्पना किती वापरली माहीत नाही. सगळे आक्षेप बरोबर, आणि सगळे बिनकामाचे. कादंबरी असं म्हणतच नाही की विदर्भातल्या इतक्या टक्के घरांत हे घडतं. दारिद्र्याचा आकडा आपल्याला किती माणसं हे सांगतो. त्या आकड्यात बसलेल्या एका बाईला सकाळी उठल्यावर कुठले हिशेब करावे लागतात, हे ‘धग’ सांगते. तिचा पुरावा तिच्या भाषेत आहे. कौतिकचं एखादं वाक्य खोटं वाटलं असतं तर कादंबरी तिथेच पडली असती. मला एकही तसं सापडलं नाही.

शेवट मात्र मला फार अंधारा वाटला. श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाही. तुम्हाला काय वाटतं ते वाचून ठरवा.

मग आपण यातून काय घ्यायचं?

प्रश्न एकच, पण सहा पुस्तकांनी सहा तऱ्हांची उत्तरं दिली. काहींना तो प्रश्न बदलून विचारावा लागला. पेपर वाचतानाही असंच आहे : केस रिपोर्टला तुम्ही ट्रायलच्या मापाने मोजलंत तर अन्याय कराल, आणि केस रिपोर्टवर ट्रायलएवढा विश्वास टाकलात तर फसाल.

करून बघण्यासारखी एक गोष्ट सांगते. सध्या जे वाचताय, कादंबरी असो की पेपर, त्यातली दहा विधानं वहीत उतरवा. समोर तीन रकाने करा : लेखकाने स्वतः पाहिलेलं किंवा मोजलेलं, दुसऱ्याकडून घेतलेलं, आणि तर्क. प्रत्येक विधान कुठल्या रकान्यात जातं ते लिहा. जे कुठेच बसत नाही त्याभोवती गोल करा. मग हेच तुमच्या सिनॉप्सिसच्या पहिल्या दोन पानांवर करा. ‘असे मानले जाते की…’ ने सुरू होणारी वाक्यं आधी घ्या. गोल कमी होईपर्यंत गाईडकडे जाऊ नका.

पुढच्या लेखात तुलनेचा गट कसा निवडायचा ते पाहू, गडचिरोलीचंच उदाहरण घेऊन. तोवर यातलं एखादं पुस्तक लायब्ररीतून आणा. सुरुवात ‘युगान्त’पासून केलीत तर उत्तम.